‘हो’, ‘नाही’ आणि ‘संबंध नाही’

2009 च्या जून महिन्यात माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. समजत सगळे होते, पण बोलायला गेले की घशातून एकच अक्षर पुन्हा पुन्हा बाहेर पडे. तिसऱ्या आठवड्यात त्यांना घरी आणले, तेव्हा वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी आम्हाला एक पद्धत समजावून सांगितली. ज्याचे उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ येईल असाच प्रश्न विचारायचा. डोळे एकदा मिटले तर हो, मान हलवली तर नाही. आणि गोष्ट महत्त्वाची असेल तर प्रश्न उलटूनही विचारायचा. ‘खिडकी उघडू का?’ याला हो आले, तर थोड्या वेळाने ‘खिडकी बंदच ठेवू का?’ असेही विचारून बघायचे. दोन्हींना हो आले, तर समजायचे की माणूस दमला आहे.

दोन-चार दिवसांत आम्हाला सवय झाली. पाणी, कूस बदलणे, लघवी, दुखणे हे सगळे भराभर कळू लागले. एक गोष्ट मात्र कळेना. रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमाराला अप्पा अस्वस्थ होत आणि डावा हात वर करीत. ‘अप्पा, पंखा लावू का?’ नाही. ‘ट्यूब डोळ्यांवर येतेय का?’ नाही. ‘देवापुढे दिवा लावायचा राहिलाय का?’ नाही. ‘काही वाचून दाखवू का?’ नाही. आठ-नऊ दिवस हा नन्नाचा पाढा चालला. शेवटी अप्पांच्या डोळ्यांत पाणी येई आणि आम्ही विचारणे थांबवत असू.

हे कोडे कसे सुटले, ते पुढे सांगतो. मी पेशाने हिशेबनीस आहे. इतिहास कुठल्या महाविद्यालयात शिकलेलो नाही. पण त्या दिवसांनंतर ‘हो-नाहीचे प्रश्न’ या गोष्टीने मला धरले ते सोडले नाही. माणसांनी एकाभोवती जमून, त्याच्याकडून फक्त हो किंवा नाही वदवून घेत, दडलेली गोष्ट उकलायची ही रीत कुठून आली, तिने काय साधले आणि ती कुठे फसते, याचा माग मी गेली काही वर्षे काढतो आहे. त्यातले मला जे खात्रीचे वाटते, ते इथे मांडतो.

१

आपल्याकडे कोड्यांची परंपरा जुनी आणि श्रीमंत आहे. देशावरचा उखाणा, कोकण-गोव्यातले हुमाण, वेताळपंचविशीतले प्रश्न ही सगळी त्याच घराण्यातली. पण या साऱ्यांत एक गोष्ट सारखी आहे: कोडे घालणारा बोलतो, ऐकणारा विचार करतो आणि एकदम उत्तर देतो. मधे विचारपूस नाही. विक्रमाला वेताळाकडून एखादी जास्तीची माहिती काढून घेण्याची मुभा नव्हती.

हो-नाहीच्या खेळात हे उलटे होते. उत्तर ज्याच्यापाशी आहे त्याचे तोंड जवळपास बांधलेले असते आणि बोलण्याचे सगळे काम न जाणणाऱ्यांवर येऊन पडते. हा खेळ इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बड्या घरांतून चांगलाच रुळलेला होता. अमेरिकेचे लंडनमधील राजदूत रिचर्ड रश यांनी आपल्या आठवणींत 1820 च्या दशकातल्या एका मेजवानीचे वर्णन केले आहे. यजमान होते परराष्ट्रमंत्री जॉर्ज कॅनिंग. जेवणानंतर वीस प्रश्नांचा डाव मांडला गेला आणि प्रश्न विचारण्याची जबाबदारी खुद्द कॅनिंगनी घेतली. दुसऱ्या पक्षाने मनात धरलेली वस्तू होती राज्यारोहणासारख्या समारंभात लॉर्ड हाय स्टुअर्ड हा दरबारी अधिकारी हातात धरतो ती छडी. कॅनिंगनी ती ओळखली. युरोपच्या वाटाघाटी करणारी माणसे एका काठीसाठी घाम गाळत होती, हे रश मोठ्या चवीने सांगतात.

1843 च्या डिसेंबरात डिकन्सचे ‘अ ख्रिसमस कॅरल’ प्रसिद्ध झाले. त्यातही हा खेळ आहे. स्क्रूजचा पुतण्या मनात एक प्राणी धरतो. पाहुणे विचारत सुटतात: जिवंत आहे का, रानटी आहे का, लंडनमध्ये राहतो का. उत्तर निघते: स्क्रूज काका! सगळे पोट धरून हसतात. अदृश्य राहून हे ऐकणाऱ्या स्क्रूजला मात्र कळते की आपल्या माणसांच्या बोलण्यात आपण नेमके कोण आहोत.

विसाव्या शतकात हा खेळ दिवाणखान्यातून रेडिओवर गेला. 1946 मध्ये अमेरिकेत ‘ट्वेंटी क्वेश्चन्स’ सुरू झाले, पुढच्याच वर्षी बीबीसीवर. आणि तिथे ते 1976 पर्यंत चालले. वस्तू प्राणिज आहे, वनस्पतिज आहे की खनिज, एवढे सुरुवातीला सांगायचे आणि मग वीस प्रश्न.

आकडा वीसच का पुरतो, हे आमच्यासारख्या हिशेबाच्या माणसाला चटकन पटते. प्रत्येक प्रश्नाने उरलेल्या शक्यतांचे बरोबर दोन भाग केले तर वीस प्रश्नांत 10,48,576 वस्तूंमधली एक वेगळी काढता येते. दहा लाखांहून जास्त! क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने 1948 मध्ये माहिती मोजण्याचे जे शास्त्र उभे केले, त्यातला ‘बिट’ म्हणजे अशाच एका समतोल हो-नाही प्रश्नाचे उत्तर. आज आपल्या खिशातला मोबाइल ज्या मापाने मोजला जातो, त्याचा हिशेब दिवाणखान्यातल्या या खेळासारखाच आहे.

पण या हिशेबाला एक अट आहे. समोर ठेवलेल्या शक्यतांमध्ये खरे उत्तर असले पाहिजे. अप्पांच्या खाटेभोवती आम्ही शक्यतांचे भाग पाडत होतो: पंखा की दिवा, पाणी की औषध. पण आमच्या यादीत उत्तरच नसेल, तर वीस काय, दोनशे प्रश्न विचारूनही हाती काही लागणार नव्हते.

२

हंगेरीत या खेळाला ‘बारकोख्बा’ म्हणतात. रोमन सत्तेविरुद्ध इसवी सन 132 ते 135 या काळात ज्यूंनी केलेल्या उठावाच्या नेत्याचे हे नाव. त्यामागची दंतकथा अंगावर काटा आणणारी आहे. बार कोख्बाचा एक हेर रोमनांच्या हाती सापडला. त्यांनी त्याची जीभ कापली, हात तोडले. तो कसाबसा आपल्या छावणीत परतला. त्याला बोलता येईना, लिहिता येईना. मग बार कोख्बाने त्याला एकेक प्रश्न विचारला आणि त्याने मान हलवून शत्रूची खबर दिली. ही कथा इतिहास म्हणून घेऊ नये. पण एका घरगुती खेळाला लोकांनी हे नाव द्यावे, यात एक शहाणपण आहे. या खेळाच्या मुळाशी गंमत नसून एक मुका साक्षीदार आहे, हे त्या नावाने लक्षात ठेवले.

डिकन्सच्या त्या गोष्टीपाठोपाठ, 1844 ते 1846 या काळात, फ्रान्समध्ये अलेक्झांडर द्युमा यांची ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ क्रमशः छापली जात होती. तिच्यात न्वार्तिए नावाचा पक्षाघात झालेला म्हातारा आहे. त्याचे फक्त डोळे जिवंत आहेत. डोळे मिटले की हो, बरेचदा मिचकावले की नाही. त्याची नात व्हॅलेंटाइन आधी एकेक अक्षर म्हणत जाते आणि मग शब्दकोश उघडून ओळींवरून बोट फिरवते; त्याने खूण केली की थांबते. या रीतीने तो वकिलांपुढे मृत्युपत्र करतो. पुढे एक तरुण त्याला विचारतो, माझ्या वडिलांना कोणी मारले? शब्दकोशावरून फिरणारा हात एका शब्दापाशी थांबतो: ‘मी’.

न्वार्तिएच्या खोलीत आलेले वकील आधी कचरतात. जो बोलत नाही त्याची इच्छा ही त्याचीच कशावरून? प्रश्न विचारणाऱ्याने ती त्याच्या डोळ्यांत घातली नसेल कशावरून? ही शंका कादंबरीतली असली तरी खोटी नाही. 2010 मध्ये एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंड आणि बेल्जियममधल्या 54 रुग्णांवरचे काम प्रसिद्ध केले. हे सगळे भान हरपलेले किंवा जेमतेम भान असलेले मानले गेलेले रुग्ण होते. मेंदूचे चित्र घेणाऱ्या यंत्रात ठेवून त्यांना सांगितले: टेनिस खेळत असल्याची कल्पना करा, आपल्या घरातून फिरत असल्याची कल्पना करा. 54 पैकी पाच जणांच्या मेंदूने सांगितल्याप्रमाणे प्रतिसाद दिला. त्यांतल्या एकाने ‘हो’साठी एक कल्पना आणि ‘नाही’साठी दुसरी वापरून घरच्यांविषयीच्या साध्या प्रश्नांची उत्तरे दिली. उत्तरे आधी माहीत असलेलेच प्रश्न त्याला मुद्दाम विचारले होते. वकिलांची शंका शास्त्रज्ञांनीही सोडलेली नव्हती.

हंगेरीचे गणितज्ञ आल्फ्रेड रेन्यी आणि पोलंडहून अमेरिकेत गेलेले स्टॅनिस्लॉ उलाम या दोघांनी ही शंका स्वतंत्रपणे गणितात आणली. उत्तर देणारा एखादे वेळी खोटे बोलू शकत असेल तर? दहा लाखांतला एक आकडा ओळखायला एरवी वीस प्रश्न पुरतात. एक खोटे उत्तर सोसायचे असेल तर पंचवीस लागतात, हे 1987 मध्ये सिद्ध झाले. ‘प्रश्न उलटून विचारा’ हे आम्हाला सांगणाऱ्या बाईंना हे गणित बहुधा ठाऊक नसेल. पण जास्तीचे पाच प्रश्न कशासाठी असतात हे त्यांना पक्के ठाऊक होते.

३

आता या खेळाचे दुसरे, अलीकडचे रूप. माझी त्याच्याशी ओळख 1989 मध्ये राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात झाली. वीज गेलेली, शाळेच्या पडवीत आम्ही पंचवीस-तीस पोरे. एका सरांनी सांगितले: ‘एक माणूस समुद्रकाठच्या हॉटेलात गेला. त्याने समुद्री कासवाचे सूप मागवले. एक घोट घेतला, पैसे दिले, घरी गेला आणि त्याने जीव दिला. का? विचारा. मी फक्त हो, नाही आणि संबंध नाही एवढेच बोलणार.’

आम्ही तुटून पडलो. सुपात विष होते का? नाही. हॉटेलवाला त्याच्या ओळखीचा होता का? संबंध नाही. सूप खराब होते का? नाही, उत्तम होते. माणूस आजारी होता का? संबंध नाही. अर्ध्या तासाने मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारले, ‘त्याने हे सूप आधी कधी प्यायले होते का?’ सर क्षणभर थांबले. म्हणाले, ‘नाही.’ आणि मग, ‘पण प्रश्न चांगला आहे.’ तिने लगेच पुढचा टाकला: ‘पण आधी प्यायलोय असं त्याला वाटत होतं का?’ सर म्हणाले, ‘हो.’ पडवीत एकदम शांतता पसरली.

मग पाचच मिनिटांत उलगडा झाला. तो माणूस कधीतरी जहाज फुटून सोबत्यांसह समुद्रात अडकला होता. उपासमारीत सोबत्यांनी त्याला ‘कासवाचे सूप’ म्हणून काहीतरी पाजले आणि तो जगला. आज खरे कासवाचे सूप चाखले आणि ती चव वेगळी निघाली. त्या दिवशी आपण काय, किंवा कोणाला, खाल्ले होते हे त्याला कळले.

इंग्रजीत हे कोडे बहुतेकदा अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याच्या सुपाचे असते; जपान आणि चीनमध्ये समुद्री कासवाचे. तिथे तर या जातीच्या सगळ्याच कोड्यांना ‘कासवाचे सूप’ म्हणतात. चिनी खेळाडू सांगितलेल्या हकिकतीला सुपाचा वरचा थर म्हणतात आणि लपलेल्या सत्याला सुपाचा तळ. आपण मिसळीच्या भाषेत म्हणू: वर दिसते ती तर्री, खाली असते ती उसळ. जर्मनीत 2004 पासून अशी पन्नास-पन्नास कोडी पत्त्यांसारख्या जोडांत ‘ब्लॅक स्टोरीज’ या नावाने विकली जातात.

या कोड्यांना इंग्रजीत जे ‘लॅटरल थिंकिंग’चे नाव चिकटले, ते माल्टात जन्मलेल्या एडवर्ड डी बोनो या डॉक्टरने 1967 मध्ये रूढ केले. सरळ खोल खणत जाण्याऐवजी जागा बदलून दुसरीकडे खणणे, असा त्याचा भाव. मराठीत मी त्याला आडवळणाचा विचार म्हणतो. डी बोनोंनी ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या पलीकडचा एक शब्दच सुचवला: ‘पो’. तो शब्द चालला नाही. पुढे 1991 पासून पॉल स्लोन यांच्या संग्रहांनी ही कोडी घरोघर नेली. डी बोनोंची पुस्तके न वाचलेल्या लाखो लोकांनी हो-नाहीच्या पलीकडचा शब्द या खेळातून उचलला: ‘संबंध नाही’.

माझ्या मते या खेळाच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच. वीस प्रश्नांच्या खेळात उत्तर एक वस्तू असते आणि प्रश्न शक्यता छाटत जातात. आडवळणाच्या कोड्यात उत्तर एक हकिकत असते. तिथे छाटण्याआधी आपण कशाला धरून बसलो आहोत ते सापडावे लागते. ‘नाही’ने एक फांदी तुटते. ‘संबंध नाही’ने कळते की आपण भलत्याच झाडावर चढलो आहोत. आणि हे एकट्याला सहसा कळत नाही. एकाची समजूत दुसऱ्याला खटकते म्हणून गट लागतो. आम्ही सगळे ‘सूप कसले होते’ यावर अडून बसलो होतो. त्या मुलीने ‘त्याला काय वाटत होते’ हे विचारले.

४

कासवाच्या सुपाचे कोडे अघोरी वाटते, पण त्यातली भीती कल्पनेतली नाही. 1884 च्या मे महिन्यात ‘मिन्योनेट’ ही शिडाची नौका इंग्लंडहून सिडनीला निघाली. जुलैच्या सुरुवातीला दक्षिण अटलांटिकमध्ये ती बुडाली. चौघे जण एका उघड्या होडीत आले: कप्तान टॉम डडली, स्टीफन्स, ब्रूक्स आणि सतरा वर्षांचा पोऱ्या रिचर्ड पार्कर. अन्न म्हणून सलगमचे दोन डबे. चौथ्या दिवशी एक कासव सापडले आणि त्यावर ते बाराव्या दिवसापर्यंत जगले. विसाव्या दिवशी डडली आणि स्टीफन्स यांनी आजारी पडलेल्या पार्करला मारले आणि तिघांनी त्याच्या देहावर गुजराण केली. चौथ्या दिवशी एका जर्मन जहाजाने त्यांना वाचवले. कोड्याचा उगम या खटल्यात शोधायला मी जाणार नाही; पण खऱ्या होडीतही आधी कासव आणि मग माणूस होते, हे वाचताना हातातले पुस्तक खाली ठेवावे लागले.

मला गुंतवले ते पुढच्या गोष्टीने. डडलीने काहीच लपवले नाही. एक्झिटरच्या न्यायालयात जूरीपुढे प्रश्न होता: दोषी की निर्दोष? म्हणजे हो की नाही? न्यायाधीश हडलस्टन यांच्या सांगण्यावरून जूरीने दोन्ही शब्द टाळले. तिने घडलेली हकिकत तेवढी नोंदवली: मुलगा मारला नसता तर हे बहुधा जगले नसते, तो आधीच मरण्याची शक्यता होती, त्यालाच मारण्याची मात्र विशेष गरज नव्हती. हा खून ठरतो की नाही, हे न्यायालयाने ठरवावे. 9 डिसेंबर 1884 रोजी लॉर्ड कोलरिज यांनी निर्णय दिला: खून. फाशीची शिक्षा पुढे सहा महिन्यांच्या कैदेवर आली. आपल्याकडच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही ‘गरजेपोटी केलेला गुन्हा’ शिकताना हा खटला वाचावा लागतो. त्या बारा माणसांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याआधी काय घडले ते पुरते मांडून ठेवले.

कायदा प्रश्नांच्या बाबतीत आणखी एका ठिकाणी सावध आहे. 1872 चा भारतीय पुरावा कायदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तयार केला. ज्या प्रश्नातच अपेक्षित उत्तर सुचवलेले असते, त्याला त्यात सूचक प्रश्न म्हटले आहे. विरोधी पक्षाने हरकत घेतली तर आपल्याच साक्षीदाराला असा प्रश्न न्यायालयाच्या परवानगीशिवाय विचारता येत नाही. 1 जुलै 2024 पासून नवा साक्ष अधिनियम आला, तरी हे तत्त्व कायम आहे. ‘तुम्ही त्याला सुरा घेऊन पळताना पाहिलंत ना?’ याला साक्षीदार ‘हो’ म्हणतो, तेव्हा सुरा, पळणे आणि ‘तो’ हे तिन्ही वकिलाचे असतात. साक्षीदाराचे फक्त ‘हो’ असते.

५

हो-नाहीच्या प्रश्नांत हकिकत नेहमी विचारणाऱ्याची असते. या एका वाक्यासाठी मी इतका फिरलो. त्याची चार उदाहरणे देतो.

पहिले भाषेचे. बाप-लेक अपघातात सापडतात, बाप जागीच जातो. मुलाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेतात आणि सर्जन म्हणतो... इथेच मराठीत कोडे फुटते! ‘म्हणतो’ म्हटले तर खोटे, ‘म्हणते’ म्हटले तर उत्तर दिले. इंग्रजीत हे कोडे 1972 मध्ये एका लोकप्रिय अमेरिकी मालिकेत येऊन गेले. तिथे क्रियापद काही सांगत नाही. मराठीत सांगायचे तर ‘सर्जननी मुलाकडे पाहून सांगितलं, मी याच्यावर शस्त्रक्रिया करू शकत नाही, हा माझा मुलगा आहे’ असे नीच्या आडोशाने सांगावे लागते. मी तसे एकदा मित्रमंडळींत सांगितले. सावत्र बाप का? दत्तक घेतला होता का? मेलेला माणूस खरा बाप नव्हता का? पंधरा मिनिटांनी ‘सर्जन आई आहे का?’ हा प्रश्न आला. त्या खोलीत दोन डॉक्टर बायका बसल्या होत्या, आणि त्याही सावत्र बापच शोधत होत्या.

दुसरे घोड्याचे. 1904 मध्ये बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणिते सोडवून टापांनी उत्तरे देत असे. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने कसून तपास करून 1907 मध्ये दाखवून दिले की, विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर माहीत नसले की हान्सही चुकतो. योग्य टापेवर विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलत असे आणि घोडा ते बघून थांबत असे. आपल्या दारात येणाऱ्या नंदीबैलाने ‘पाऊस पडेल का’ला मान डोलावली की आपण हसतो. पण नंदीबैलवाल्याला आपण काय करतो हे माहीत असते. हान्सच्या मालकाला ते खरोखरच माहीत नव्हते. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्यांचे तसेच होते. आपला चेहरा ‘हो म्हणा’ असे सांगत असतो आणि दमलेला माणूस आपल्या समाधानासाठी डोळे मिटतो.

तिसरे पदार्थविज्ञानाचे. जॉन व्हीलर हे अमेरिकी शास्त्रज्ञ स्वतःवर झालेली एक गंमत सांगत. जेवणानंतर वीस प्रश्नांचा खेळ चालला होता. त्यांची पाळी आली तेव्हा उत्तरे यायला अधिकाधिक वेळ लागू लागला. शेवटी त्यांनी विचारले, ‘ढग का?’ उत्तर आले, ‘हो’, आणि सगळे हसत सुटले. त्यांना बाहेर पाठवून मंडळींनी कुठलाही शब्द न धरण्याचे ठरवले होते. ज्याला विचारले जाईल त्याने वाटेल ते उत्तर द्यायचे. अट एवढीच की मागच्या सर्व उत्तरांशी जुळणारी एखादी वस्तू मनात असली पाहिजे. व्हीलरांनी वेगळे प्रश्न वेगळ्या क्रमाने विचारले असते तर वेगळा शब्द निघाला असता. सूक्ष्म कणांच्या जगाविषयी बोलण्यासाठी ते ही गोष्ट वापरत. मला ती चौकशीच्या खोलीतही लागू वाटते: उत्तर जुळले म्हणजे ते आधीपासून तिथे होतेच असे नाही.

चौथे आपल्या मातीतले. माझ्या आजोळी, दक्षिण कोकणात, देवाला कौल लावतात. गोव्यात त्यालाच प्रसाद घेणे म्हणतात. पाषाणाच्या दोन्ही अंगांना पाण्याने भिजवलेले कळे किंवा पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणे घालतात आणि वाट पाहतात. उजवीकडचे पडले तर उजवा कौल, म्हणजे हो. डावीकडचे पडले तर नाही. मी श्रद्धेविषयी इथे बोलत नाही, रीतीविषयी बोलतो. लहानपणी पाहिले आहे: कधी कधी काहीच पडत नसे. मग गावकऱ्यांतला एखादा म्हातारा म्हणे, ‘इचारणा चुकला.’ मंडळी बाजूला बसून पुन्हा बोलत, वाद घालत, प्रश्न बदलत. दोष देवाला नव्हता, आपल्या प्रश्नाला होता. ‘संबंध नाही’ हे उत्तर त्या म्हाताऱ्यांना आमच्या शिबिरातल्या सरांच्या कितीतरी आधी माहीत होते.

६

आता अप्पांकडे येतो.

दहाव्या दिवशी संध्याकाळी माझी सात वर्षांची मुलगी खाटेपाशी बसली होती. अप्पांनी हात वर केला. आम्ही पुन्हा सुरू होणार, एवढ्यात तिने विचारले, ‘आजोबा, ते तुम्हाला हवंय का?’ अप्पांनी मान हलवली: नाही. ताई म्हणाली, ‘दमलेत ते, राहू दे.’ पण मला शिबिरातली ती शांतता आठवली. दहा दिवस आमचा प्रत्येक प्रश्न ‘तुम्हाला’ने सुरू झाला होता. आजारी माणसाला स्वतःसाठीच काहीतरी हवे असणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

‘दुसऱ्या कोणाला द्यायचंय का?’ डोळे मिटले. ‘घरातल्या कोणाला?’ नाही. ‘गल्लीतल्या?’ हो. ‘वर म्हणजे माळ्यावर आहे का?’ हो. ‘पैसे आहेत का?’ हो, आणि त्यांनी डोळे मिटूनच ठेवले.

गल्लीतली भिशी अप्पा सांभाळत. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत वही आणि नोटांची पुरचुंडी निघाली. त्या महिन्याची उचल कोणाची, हे आम्ही नावे घेऊन विचारले आणि एका नावावर हो आले. पण मी पैसे लगेच दिले नाहीत. बाईंनी सांगितल्याप्रमाणे दुसरे नाव घेतले. तिथे नाही आले. मग वही उघडली. अप्पांच्या अक्षरात तेच नाव होते. धुणीभांडी करणाऱ्या एका बाईंची ती उचल होती आणि त्यांच्या मुलाची कॉलेजची फी त्यावर अडली होती. आजाऱ्याच्या घरी पैसे मागायला कसे जायचे, म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या. त्या रात्री अप्पा शांत झोपले.

वही नसती तर? अप्पांचा ‘हो’ त्यांचा होता की आम्ही त्यांच्या डोळ्यांत घातलेला, हे कशावरून ठरवले असते? म्हणून हो-नाहीच्या वाटेने मिळालेले उत्तर त्या प्रश्नांच्या बाहेरच्या कशाशी तरी ताडून पाहावे असे मी मानतो. कुठे ती वही असते, कुठे दुसरा साक्षीदार, कुठे रुग्णाच्या वडिलांचे आधीच माहीत असलेले नाव.

या गोष्टीचा शेवट इथे करता आला असता तर बरे झाले असते. पण ऑगस्टच्या शेवटी अप्पांनी पुन्हा हात हलवायला सुरुवात केली. या वेळी वर नव्हे, दाराकडे. आम्ही आता शहाणे झालो होतो. तुमच्यासाठी का, दुसऱ्यासाठी का, वस्तू का, माणूस का, झालेली गोष्ट का, व्हायची आहे का. काहींना हो आले, उलट विचारल्यावरही हो आले. बाराव्या दिवशी अप्पा गेले. दार दाखवत होते ते कशासाठी, हे आम्हाला उलगडले नाही. नातेवाईक म्हणाले, त्यांना जाण्याची चाहूल लागली असेल. ती हकिकत नातेवाइकांची आहे. ती चांगली आहे, जुळतेही. पण अप्पांनी तिला हो म्हटलेले नाही, म्हणून मी ती माझ्या वहीत लिहिलेली नाही. तिथे आम्ही विचारलेले प्रश्न तारखेवार लिहिले आहेत, आणि पुढे मिळालेली उत्तरे.